पानावरचा बुद्ध, पडद्यावरचा बुद्ध

वर्धा शहराला लागून असलेल्या गोपुरीत गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप शेजारी-शेजारी उभे आहेत. गीताई मंदिराला छप्पर नाही. विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यातच मराठीत आणलेल्या गीतेचे अठरा अध्याय तिथे उभ्या शिळांवर कोरले आहेत आणि वाचणारा उन्हातून चालत चालत वाचतो. पलीकडच्या पांढऱ्या स्तूपावर चार दिशांना बुद्धमूर्ती आहेत. या स्तूपामागची प्रेरणा निचिदात्सू फुजी या जपानी भिक्षूंची. १९३३ मध्ये ते वर्ध्यात गांधीजींना भेटले, सगळे त्यांना फुजी गुरुजी म्हणू लागले आणि त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत जाऊन बसला. जपानचा फेरा करून परत आलेला बुद्ध या जिल्ह्याला गेली नव्वद वर्षं ठाऊक आहे.

त्याच वाटेने आणखी एक बुद्ध आला, तो चित्रकथेतून. ओसामू तेझुका या मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, आद्य पुरुषाने १९७२ ते १९८३ अशी सलग अकरा वर्षं ‘बुद्ध’ ही मंगा काढली. इंग्रजीत तिचे आठ जाडजूड खंड झाले, पानं सुमारे तीन हजार. २००४ आणि २००५ अशी दोन वर्षं तिला चित्रकथांच्या जगातला मानाचा आयझनर पुरस्कार मिळाला. भारतीय वाचकाच्या हाती ती हार्परकॉलिन्सच्या आवृत्तीने पडली. पुढे २०११ मध्ये तोएई ॲनिमेशन या जपानी स्टुडिओने तिच्यावर चित्रपट केला, दिग्दर्शक कोझो मोरिशिता. २०१४ मध्ये दुसरा भाग आला.

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची मालिका किंवा चित्रपट, आपल्या मूळ मंगाला कितपत जागली, हा वाद आता जपानपुरता उरलेला नाही. ‘डेमन स्लेयर’ या मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी हिंदी, तमिळ आणि तेलुगूसह भारतभर लागला, तेव्हा तो वाद आपल्याकडच्या कॉलेजांच्या कट्ट्यांवरही रंगला असणार. ‘मंगात असं नाही बे’ हे वाक्य नागपुरी ठसक्यात ऐकायला मिळालं तर नवल वाटू नये. अशा वादाला ‘बुद्ध’ फार सोयीचा पडतो. इथल्या वाचकाला ती गोष्ट आधीच माहीत असते, तीही एकापेक्षा जास्त रूपांत.

तुलनेची रूढ रीत हिशेबाची आहे. मंगातले किती प्रसंग आले, किती गळले, कुणाचा कोट कुठल्या रंगाचा झाला, याची यादी करायची आणि शेवटी गुण द्यायचे. मक्षिकास्थाने मक्षिका असेल तर उत्तम, नसेल तर गद्दारी. या रीतीला मोठा धक्का हिरोमु अराकावाच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ने दिला. मंगा २००१ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये ती अर्धीही झालेली नसताना बोन्स स्टुडिओने ५१ भागांची मालिका काढली. कथा पुरेना, तेव्हा लेखिकेच्या संमतीने मालिकेने स्वतःचा वेगळा शेवट गाठला. मंगा संपत आल्यावर त्याच स्टुडिओने २००९ मध्ये ‘ब्रदरहूड’ नावाने ६४ भागांत सगळी कथा पुन्हा, या वेळी मुळाबरहुकूम सांगितली. हिशेबाने पाहिलं तर पहिली मालिका नापास आणि दुसरी पहिल्या नंबरात. पण पहिल्या मालिकेतली उदासी, अपराधाची बोच आणि तिचा अर्धवट, दुखरा शेवट दुसरीत नाही. म्हणून तर वीस वर्षं झाली तरी तिचे चाहते हटत नाहीत.

तेव्हा कसोटी वेगळी लावायला हवी. मुळातलं काय काढलं, हा प्रश्न अर्धाच आहे. काढलं त्याच्या जागी काय ठेवलं, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

कारण काहीतरी काढावं लागतंच. मंगा काळी-पांढरी, स्थिर आणि मुकी असते. वाचणारा एका चौकटीवर दोन मिनिटं थांबतो, पुढच्या चार चौकटी एका नजरेत संपवतो, पान उलटण्याच्या क्षणाला दचकतो. वेळ त्याच्या हातात असतो. ॲनिमेमध्ये तो दिग्दर्शकाच्या हातात जातो, शिवाय रंग येतो, आवाज येतो आणि ठरलेली लांबी येते. त्यात पैसा. ॲनिमेची पैशाची चणचणही तेझुकापासूनच चालत आलेली आहे. १ जानेवारी १९६३ पासून त्याने आपल्याच मंगावरची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका दर आठवड्याला टीव्हीवर आणली. सेकंदाला चोवीस चित्रं काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून आठ किंवा त्याहूनही कमी चित्रांत काम भागवलं, तोंड तेवढं हलवलं, एकदा काढलेल्या हालचाली जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरल्या. ॲनिमेमध्ये पात्रं इतका वेळ निश्चल का उभी असतात, याचं एक कारण या काटकसरीत आहे. गंमत अशी की या काटकसरीमुळेच ॲनिमे मंगाच्या स्थिर चौकटीच्या जवळ राहिली.

काढण्याइतकीच वाढवण्याचीही अडचण असते. साप्ताहिक मंगाचं एक प्रकरण वीसेक पानांचं आणि मालिकेचा भागही वीसेक मिनिटांचा. मालिका मंगाच्या मानगुटीवर येऊन बसली की लांबण लावण्यावाचून गत्यंतर नसतं. ‘नारुतो शिप्पुडेन’चे पाचशे भाग झाले, त्यांतले कितीतरी मंगात नसलेल्या कथांचे. ‘वन पीस’ १९९९ पासून अकराशेवर भाग चालली आहे आणि तिच्यात कित्येकदा एका प्रकरणाचाही मजकूर पुरा न सरता भाग संपला आहे. धावणारा धावतच राहतो, बघणाऱ्यांचे डोळे विस्फारलेलेच राहतात. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावं तसं हे. प्रसंग एकही गळलेला नसतो आणि तरीही वेगाच्या बाबतीत मुळाचा घात झालेला असतो. उलट २०२३ च्या ‘फ्रीरेन’मध्येही वेळ वाढवलेला आहे, पण त्या वाढीव वेळात वारा, वाट, चालणं आणि दोन माणसांमधला न बोलण्याचा काळ आहे. हजाराहून अधिक वर्षं जगलेल्या नायिकेला माणसांचं आयुष्य किती आखूड वाटतं, हेच त्या कथेचं बीज. मंगाला ते चौकटींमधल्या मोकळ्या जागेतून सांगावं लागतं, मालिकेला खराखुरा वेळ खर्च करून सांगता येतं. वाढ तिथेही आहे, इथेही आहे. वाढीत काय भरलं, यावर निकाल.

आता तेझुकाकडे परत.

त्याच्या ‘बुद्धा’ची सुरुवात सिद्धार्थाच्या जन्माने होतच नाही. सुरुवातीलाच शशजातक येतं, भुकेल्या माणसासाठी आगीत उडी घेणाऱ्या सशाची गोष्ट. मग तात्ता नावाचं पोर येतं. ते अस्पृश्य मानलेल्या जातीतलं आणि प्राण्यांच्या अंगात शिरण्याची विद्या असलेलं आहे. चाप्रा येतो, जो गुलाम म्हणून जन्मतो आणि कोसलच्या सेनापतीचा मानलेला मुलगा होऊन वर चढतो. ही दोन्ही पात्रं कुठल्याही त्रिपिटकात नाहीत, ती तेझुकाच्या पदरची. पहिल्या खंडाचं नाव ‘कपिलवस्तू’, पण राजवाड्यापेक्षा गुलामांच्या वस्तीतच तो जास्त रमतो. आणि या सगळ्यात तेझुका थट्टा करतो. भीषण कत्तलीच्या पुढच्या पानावर एखादं पात्र विसाव्या शतकातल्या गोष्टीचा दाखला देतं. लेखक स्वतः, नाक फुगवून आणि टोपी घालून, मध्येच डोकावतो. गोल, मोजक्या रेषांतली माणसं अत्यंत तपशिलाने काढलेल्या अरण्यांतून आणि डोंगरांतून हिंडतात. कीर्तनकार जसा उत्तररंगात रडवता रडवता मध्येच कोपरखळी मारून श्रोत्यांना हसवतो, त्या जातीचं हे कथन आहे. दुःख आणि विनोद एकमेकांना धरून चालतात, म्हणूनच तीन हजार पानं जड होत नाहीत.

२०११ च्या चित्रपटाने यातलं काय घेतलं? एक निवड त्याने फार चांगली केली. पावणेदोन तासांपेक्षा थोड्याच जास्त वेळात बसवायचं म्हणून त्याने चाप्राला मध्यभागी आणलं. वर चढू पाहणारा गुलाम आणि वरून खाली उतरू पाहणारा राजपुत्र या दोन कथा शेजारी-शेजारी चालतात. चाप्राच्या आईला सायुरी योशिनागा या ज्येष्ठ अभिनेत्रीने आवाज दिला आहे आणि तीच निवेदिकाही आहे. सगळी गोष्ट एका गुलाम आईच्या आवाजात ऐकू येणं ही मंगात नसलेली भर आहे आणि ती मोलाची आहे. काढलं त्याच्या जागी काही ठेवल्याचं हे उदाहरण. युद्धाच्या प्रसंगांनाही पडद्यावर मोठा आवाका मिळाला आहे.

पण विनोद गेला. तेझुका स्वतः गेला, ती विसाव्या शतकातली वाक्यं गेली, माणसांचे गोल चेहरे जाऊन तिथे बांधेसूद, गंभीर, पुराणपटाला शोभतील असे चेहरे आले. त्यांच्या जागी आलं ते भारदस्त संगीत आणि सावकाश सरकणारी सूर्यास्ताची दृश्यं. प्रसंगांची यादी करणारा समीक्षक फारशी तक्रार करणार नाही. चाप्रा आहे, तात्ता आहे, डाकू मिगाइला आहे, गृहत्याग आहे. तरीही मंगा वाचून आलेल्याला हा बुद्ध अनोळखी वाटतो, कारण तेझुकाच्या बुद्धाची ओळख प्रसंगांपेक्षा सांगणाऱ्याच्या स्वभावात होती. चित्रपटाला विषयाच्या थोरवीचं दडपण आलं असावं. तेझुकाला ते आलं नव्हतं.

इथे कुणी म्हणेल की विनोद काढणं हाच गुन्हा असेल तर मामोरू ओशीचा ‘घोस्ट इन द शेल’ही दोषी ठरेल. मासामुने शिरोची १९८९ ची ती मंगा चेष्टामस्करीने आणि तळटीपांनी भरलेली आहे. ओशीने १९९५ च्या चित्रपटात ती सगळी मस्करी पुसून टाकली आणि चित्रपट जगभर अभिजात मानला गेला. पण ओशीने त्या जागेत स्वतःचं काही आणलं. चित्रपटाच्या मध्यावर कथा थांबते आणि काही मिनिटं नुसतं पावसाळलेलं शहर, कालवे, दुकानांच्या पाट्या आणि काचेपलीकडे नायिकेसारखाच दिसणारा एक चेहरा दिसत राहतो. एकही संवाद नाही. आपण कोण, हा प्रश्न शिरो तळटीपेत विचारतो आणि ओशी त्या रस्त्यांवर. ‘बुद्ध’ चित्रपटाने मात्र हसू काढून ती जागा रिकामीच सोडली.

नागपूर-वर्धा पट्ट्यातल्या वाचकासमोर याखेरीज आणखी एक पुस्तक उघडं असतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये निघाला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले म्हणून सिद्धार्थाने घर सोडलं, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी त्यात नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलंच नसेल, हे बुद्धीला पटत नाही असा त्यांचा मुद्दा. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद पेटतो, सिद्धार्थ शाक्यांच्या संघात युद्धाला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या पत्करतो. तेझुकाने चार दर्शनांची कथा ठेवली, दुसऱ्या खंडाचं नावच त्यावरून आहे. इथल्या बौद्ध वाचकाला ते खटकू शकतं. पण तोच वाचक तात्ता आणि चाप्रापाशी थबकेल. ज्या प्रश्नापासून बाबासाहेबांचा बुद्ध सुरू होतो, त्या जन्माने लादलेल्या हीनतेच्या प्रश्नापाशी हा जपानी डॉक्टर-चित्रकार स्वतःच्या वाटेने पोहोचला आहे. (तेझुका वैद्यकीचा पदवीधर होता, हे सांगायला हवं. त्याच्या पानांवरची शरीरं आणि मरणं त्यामुळेच इतकी नेमकी असतील.) चित्रपटाने चाप्रा राखला, म्हणून या बाबतीत तो मुळाला जागला असं म्हणता येतं. मंगाशी ताडून पाहणं हेच एक मोजमाप आहे, असं जपानमधल्या चाहत्याला वाटू शकतं. इथे मात्र मंगाही कुणाच्या तरी कथेचं रूपांतर म्हणूनच वाचली जाते.

चित्राच्या रेषेचा प्रश्न बहुतेक तुलनांत वरवर हाताळला जातो, खरं तर तो सगळ्यांत आतला आहे. तायो मात्सुमोतोची ‘पिंग पाँग’ वेड्यावाकड्या, हाताने ओरबाडल्यासारख्या रेषांची मंगा आहे. मासाआकी युआसाने २०१४ मध्ये तिचे अकरा भाग केले, तेव्हा ती रेष साफसूफ केली नाही. पडदा मंगाच्या पानासारखा चौकटींत फोडला, टेबलटेनिसची फेरी एकाच वेळी चार कोनांतून दाखवली. देखणेपणाची अपेक्षा ठेवून बसलेले पहिल्या भागात बिचकले आणि शेवटच्या भागापर्यंत खिळून राहिले. ‘डेमन स्लेयर’ची गोष्ट उलटी. कोयोहारू गोतोगेची रेष कच्ची होती, कथा सरळसोट. २०१९ मध्ये युफोटेबल स्टुडिओच्या मालिकेच्या एकोणिसाव्या भागात काही पानांचा झगडा रंगांनी आणि गाण्याने पेटला आणि मंगाचा खप त्यानंतर आकाशाला भिडला. मुळापेक्षा रूपांतर सरस म्हणायला चाहतेही कचरत नाहीत, असं हे दुर्मीळ उदाहरण. ‘चेनसॉ मॅन’मध्ये, २०२२ साली, घटना जशाच्या तशा होत्या आणि भांडण सुराचं होतं. मंगाची उनाड, बेबंद गती मालिकेने संथ, सिनेमासारखी केली. जपानमधले चाहते त्यावरून दोन तट करून भांडले आणि २०२५ च्या पुढच्या चित्रपटाला दिग्दर्शक वेगळा आला.

निव्वळ अपयशाचीही उदाहरणं आहेत, त्यांवर फार वेळ घालवायला नको. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’च्या पहिल्या हंगामाने ३७ प्रकरणं बारा भागांत सांगितली. २०२१ च्या दुसऱ्या हंगामाने उरलेली जवळजवळ दीडशे प्रकरणं अकरा भागांत कोंबली आणि शेवट तर स्थिरचित्रं दाखवून उरकला.

याहून शिकण्यासारखं ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’मध्ये आहे. फुमियो कोउनोची ही मंगा दुसऱ्या महायुद्धातल्या कुरे या नौदलाच्या गावात सून म्हणून आलेल्या सुझूची. सुनाओ काताबुचीने २०१६ मध्ये १२९ मिनिटांचा चित्रपट केला आणि लांबीपायी रिन या वेश्येचं कथानक जवळजवळ गाळलं. सुझूच्या नवऱ्याचा रिनशी असलेला जुना संबंधही त्यामुळे पुसट झाला. चित्रपट गाजला. मग २०१९ मध्ये त्याच दिग्दर्शकाने ते कथानक परत घालून १६८ मिनिटांची आवृत्ती आणली. पहिल्या आवृत्तीतली तीच दृश्यं दुसरीत निराळी वाटतात. पहिलीत सुझू भोळी आहे आणि युद्ध तिच्यावर येऊन कोसळतं. दुसरीत तिला आधीच कळलेलं असतं की आपण या घरात कुणाच्या तरी ऐवजी आलो आहोत. गाळलेल्या कथानकाचं वजन किती होतं, हे दिग्दर्शकानेच स्वतःच्या दोन कलाकृती समोरासमोर ठेवून दाखवलं.

भारतातल्या बहुतेक मुलांनी मूळ पाहिलेलंच नसतं, हाही या आढाव्याचा भाग आहे. शिनचॅन हंगामा वाहिनीवर हिंदी बोलत घरोघरी शिरला, पण योशितो उसुईची ती मंगा १९९० मध्ये प्रौढांसाठीच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. टीव्हीवर येताना तिचे दात घासून बोथट केले गेले. २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींनंतर भारतात तिचं प्रसारण थांबलं आणि नंतर कात्री लागून परतलं. इथे शिनचॅन पाहून वाढलेल्या पोराच्या लेखी मूळ म्हणजे तो हिंदी आवाज. त्याच्या दृष्टीने मंगाच बेइमान ठरेल.

मराठीत चित्रकथा पडद्यावर आल्याची जवळची घटना म्हणजे ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून सुरू केलेली ही तीन-चार चौकटींची रोजची मजा. श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ मध्ये त्यावर चित्रपट केला. केस, शर्ट, पप्पू, मिनी, बगळ्या, सगळे ठाकठीक जमले. पण चिंटूची खरी कमाल शेवटच्या चौकटीतल्या गप्प चेहऱ्यात असते आणि दोन तासांच्या चित्रपटाला कथानक लागतं. म्हणून मैदान हातचं जाण्याची आणि परत मिळवण्याची गोष्ट रचावी लागली. ती सरळ, निर्मळ बालपटाची गोष्ट आहे, चिंटूच हवा असं तिच्यात काही नाही. याच्या उलट वाटेने आदित्य सरपोतदारांचा ‘फास्टर फेणे’ (२०१७) गेला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा शाळकरी बनेश तिथे अमेय वाघच्या रूपाने मोठा झाला, सायकल आणि गुप्तहेरीऐवजी वैद्यकीय प्रवेश परीक्षेतला घोटाळा आला. हिशेबाने पाहिलं तर मूळ जवळजवळ गेलंच. पण बनेशचं ठरलेलं ‘ट्टॉक’ राहिलं आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवत चित्रपटात पात्र म्हणून आले. आपल्या नायकाकडे कौतुकाने पाहणारा लेखक पडद्यावर असणं ही नेमकी ती तेझुकाछाप खोडी, जी तोएईच्या चित्रपटाला सुचली नाही.

‘बुद्धा’चे तीन चित्रपट करायचं ठरलं होतं. २०१४ च्या दुसऱ्या भागानंतर तिसरा आलेला नाही. अजातशत्रूने बापाला कोंडून मारण्याचा प्रसंग, जेतवनाची कथा आणि बुद्धाचे अखेरचे दिवस हे सातव्या आणि आठव्या खंडातलं सगळं अजून फक्त कागदावर आहे. तेझुका सर्वांत जास्त थकलेला, सर्वांत कमी थट्टा करणारा दिसतो तो याच दोन खंडांत. चित्रपटाचा गंभीर सूर कदाचित तिथेच शोभला असता.